कॉलेजच्या टीममधून डिपार्टमेंटच्या टीममध्ये: ठाणे-नवी मुंबईच्या हॉकीपटूंसाठी

मार्च उजाडला की मला एकच प्रश्न वेगवेगळ्या आवाजांत फोनवर ऐकू येतो. "ताई, टीवायची परीक्षा झाली की कॉलेजची टीम सुटणार. पुढे कुठे खेळायचं?" विचारणारी मुलं-मुली ऐरोलीची असतात, कळव्याची, नेरूळची, कधी डोंबिवलीचीही. मी स्वतः ऐरोलीची. विद्यापीठाकडून खेळले, मग एका सरकारी खात्याच्या संघात लेफ्ट हाफ म्हणून, म्हणजे मधल्या फळीत डावीकडे, सात वर्षं काढली आणि आता सकाळी ठाण्यात कॉलेजच्या मुलींना शिकवते. हा प्रश्न मार्चमध्ये आला की जीव हळहळतो, कारण तो वर्षभर उशिरा आलेला असतो. नोकरीच्या अर्जात जे मोजलं जातं, ते एसवाय-टीवायच्या दोन वर्षांतच कमवावं लागतं. त्यामुळे हा लेख खरं तर एसवायच्या मुलांसाठी आहे. टीवायवाल्यांनी वाचावा आणि लगेच कामाला लागावं.

आधी वाटा कोणत्या ते समजून घ्या

आपल्याकडे हॉकीत पोट भरणं म्हणजे बहुतेकदा खेळाच्या जोरावर लागलेली नोकरी. रेल्वे, लष्कर, निमलष्करी दलं, तेल कंपन्या, आयकर, कस्टम्स, पोलीस, काही बँका. मैदानावर या सगळ्यांना मिळून एकच शब्द आहे, डिपार्टमेंट. "तो डिपार्टमेंटला लागला" म्हटलं की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. खात्यांची हॉकी इंडियाची स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धा होते, शिवाय देशभरच्या जुन्या स्पर्धांना ही मंडळी जातात. मुंबईची आगाखान स्पर्धा १८९६ सालची आहे, कोलकात्याचा बेटन कप १८९५ चा. अशा स्पर्धांत तुमचा खेळ इतर संघांचे प्रशिक्षक पाहतात, हे लक्षात ठेवा.

दुसरी वाट हॉकी इंडिया लीगची. २०१७ नंतर बंद पडलेली ही लीग डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. त्याआधी ऑक्टोबरमध्ये दिल्लीत लिलाव झाला. पायाभूत किंमत १० लाख, ५ लाख आणि २ लाख अशा तीन गटांत होती आणि हरमनप्रीत सिंगला ७८ लाखांची बोली लागली. आठ पुरुष संघ आणि प्रथमच चार महिला संघ होते, पण त्यात मुंबईचा एकही नव्हता. आपल्या मुलांनी त्यातली एक ओळ मात्र नीट वाचावी: पुरुषांच्या २४ जणांच्या संघात १६ भारतीय आणि त्यांतले किमान चार ज्युनियर. कॉलेजच्या वयाच्या खेळाडूसाठी दार आहे ते हे. तिथवर जायला आधी ज्युनियर नॅशनल आणि राष्ट्रीय शिबिरांत नाव लागावं लागतं. म्हणून लीगचं स्वप्न जरूर पाहा, पण घरखर्चाचा हिशेब डिपार्टमेंट धरून करा.

तिसरी वाट मधली आहे. काही तेल कंपन्या तरुण खेळाडूंना नोकरीआधी शिष्यवृत्ती देतात, आणि बरेच संघ स्पर्धेपुरते बाहेरचे खेळाडू घेतात. त्याला गेस्ट खेळणं म्हणतात. मानधन, प्रवासखर्च आणि जेवण मिळतं. गेस्ट म्हणून खेळण्यात कमीपणा मानू नका. माझी पहिली नोकरी गेस्ट खेळलेल्या एका स्पर्धेतूनच चालत आली.

धनराज पिल्ले खडकीतल्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीतला मुलगा. त्याचा मोठा भाऊ रमेश आरसीएफकडून, म्हणजे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स या खत कंपनीकडून, मुंबई लीग खेळत होता. त्याच्या मागोमाग धनराज ऐंशीच्या दशकात मुंबईत आला, महिंद्र अँड महिंद्रच्या संघात गेला आणि पुढे चार ऑलिंपिक खेळला. आरसीएफ म्हणजे चेंबूर, आपल्या हार्बरच्या वाटेवरचंच. कंपन्यांचे संघ आता तेव्हासारखे राहिलेले नाहीत, पण मुंबई लीगमध्ये कोणीतरी तुम्हाला बघतं आणि बोलावतं, हा मार्ग अजून चालू आहे.

पायरी पहिली: तुम्ही कोणत्या जिल्ह्याचे?

प्रश्न साधा वाटतो, पण नवी मुंबईत इथेच गोंधळ होतो. ऐरोली ते बेलापूर ठाणे जिल्हा. खाडीपलीकडे खारघर, कामोठे, पनवेल, आणि तिकडे उलवे, हा रायगड जिल्हा. एकाच लोकलने सरावाला येणाऱ्या दोन मैत्रिणींची जिल्हा संघटना वेगळी असू शकते आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयही. त्यावर आणखी एक गोष्ट: ठाणे आणि रायगड हॉकी महाराष्ट्रकडे येतात, मुंबईची संघटना मात्र हॉकी इंडियाकडे वेगळी आहे.

हॉकी इंडियाकडे तुमची नोंदणी अशा संलग्न संघटनेमार्फतच होते आणि तुम्हाला आयडी क्रमांक मिळतो. तो क्रमांक कोणत्या संघटनेमार्फत निघाला आहे, हे आजच तपासा. मुंबईच्या क्लबने उत्साहात एका बाजूने नाव घातलं आणि जिल्ह्याने दुसऱ्या बाजूने, असं झालं तर नेमकं निवड चाचणीच्या दिवशी ते निघतं. संघटना बदलायची असेल तर जुन्या संघटनेचं ना हरकत पत्र हंगाम सुरू होण्याआधी घ्या.

पायरी दुसरी: कॉलेज सुटायच्या आत क्लब धरा

टीवायनंतर ट्रायल लागेपर्यंत सहा महिने जातात, कधी दीड वर्ष. त्या काळात तुम्ही कोणत्याच संघात नसता. चांगले खेळाडू खेळ सोडतात ते याच दिवसांत. आधी सकाळचा सराव जातो, मग कॉल सेंटरची रात्रपाळी लागते, मग स्टिक माळ्यावर जाते. माझ्या बॅचच्या अकरा जणींपैकी चौघी अशा गेल्या. त्यांतल्या दोघी माझ्यापेक्षा सरस होत्या.

म्हणून टीवायच्या दिवाळीआधी मुंबई लीग खेळणारा एखादा क्लब बघा. मोठं नाव शोधू नका. जिथे पूर्ण वेळ मैदानावर मिळेल असा लहान क्लब बरा. बाकावर बसून मोठ्या क्लबचा टी-शर्ट मिळतो, खेळ मिळत नाही.

क्लब हवा याचं दुसरं कारण टर्फ, म्हणजे कृत्रिम गवताचं मैदान. आपण ठाण्या-नवी मुंबईत मातीवर शिकतो. मातीवर चेंडू उसळतो, म्हणून हात स्टिक उभी धरायला शिकतात. ओल्या टर्फवर चेंडू घसरत, दुप्पट वेगाने येतो आणि उभ्या स्टिकखालून निघून जातो. ट्रायलमध्ये पहिल्या दहा मिनिटांत हे प्रशिक्षकाला दिसतं. उपाय एकच, गुडघे वाकवून बसकं खेळायची सवय, आणि ती टर्फवरच लागते. ट्रायलच्या दोन महिने आधीपासून आठवड्यातून दोनदा तरी टर्फवर जा. चर्चगेटचं मुंबई हॉकी असोसिएशनचं मैदान आपल्याला लांब पडतं हे खरं. ठाण्याहून फास्ट पकडून दादरला उतरा आणि वेस्टर्नने चर्चगेट. हार्बरवाल्यांनी सीएसएमटीला उतरून चालत जावं, स्टेशनपासून पंधरा-वीस मिनिटं लागतात. सकाळी साडेसहाला टर्फवर पाय ठेवायचा तर पाचच्या आतली गाडी. गोलकीपरनी किट घेऊन मालडब्यात चढावं. गर्दीच्या वेळी साध्या डब्यात पॅड घेऊन चढायचा प्रयत्न करू नका, किटही फाटतं आणि भांडणही होतं.

टर्फचे बूट मात्र आधी घ्या, स्टिक नंतर बदला. साध्या रनिंगच्या बुटांनी टर्फवर पाय सरकतो आणि मांडीचा मागचा स्नायू दुखावतो. ती दुखापत तीन महिने खाते.

पायरी तिसरी: कागद

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण माझी एक नोकरी इथेच गेली.

एका खात्याच्या ट्रायलमध्ये मी निवडले गेले होते. कागद तपासणीच्या दिवशी विद्यापीठाच्या प्रमाणपत्रावर माझं आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव होतं आणि त्यात एक अक्षर चुकलेलं. दहावीच्या गुणपत्रिकेवर वेगळं. शिवाय प्रमाणपत्र होतं ते स्पर्धेच्या मांडवात वाटलेलं, रंगीत, सुंदर नक्षीचं. सरकारी नमुन्यातलं नव्हतं. मला दोन दिवसांची मुदत मिळाली. दुरुस्ती करून आणायला तेरा दिवस लागले. जागा दुसरीला गेली. त्या मुलीचा यात काही दोष नव्हता, पण त्यानंतर कित्येक महिने मला ते रंगीत प्रमाणपत्र बघवत नव्हतं.

तर नीट लिहून घ्या. केंद्र सरकारच्या क्रीडा कोट्यातल्या भरतीसाठी प्रमाणपत्रांचे ठरलेले नमुने आहेत. आंतरराष्ट्रीय कामगिरीला फॉर्म १, राष्ट्रीय स्पर्धेत राज्याकडून खेळल्यास फॉर्म २, आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी फॉर्म ३ आणि राष्ट्रीय शालेय स्पर्धेसाठी फॉर्म ४. कॉलेजच्या खेळाडूचा प्राण फॉर्म ३ मध्ये आहे. त्यावर सही विद्यापीठाच्या क्रीडा विभागप्रमुखाची लागते, कॉलेजच्या जिमखाना सरांची चालत नाही. तुमचं कॉलेज मुंबई विद्यापीठाला जोडलेलं असेल तर मुंबई विद्यापीठाचा क्रीडा विभाग, आणि नवी मुंबईतल्या एखाद्या अभिमत विद्यापीठात शिकत असाल तर त्या विद्यापीठाचा स्वतःचा. स्पर्धा संपून संघ परत आला की त्याच महिन्यात फॉर्म ३ भरून सही घ्या. अधिकारी बदलले की जुन्या स्पर्धेची सही मिळवायला चकरा माराव्या लागतात.

आता रेल्वेचं गणित. खुल्या जाहिरातीतून होणाऱ्या भरतीत एकूण १०० गुण असतात. ट्रायलमधला खेळ, शारीरिक क्षमता आणि प्रशिक्षकाचं मत यांना ४०, खेळातल्या कामगिरीला ५० आणि शिक्षणाला १०. ट्रायलमध्ये ४० पैकी किमान २५ मिळाले तरच पुढचं बघितलं जातं. म्हणजे निम्मे गुण तुम्ही मैदानात उतरण्याआधीच ठरलेले असतात. वयाची अट साधारण १८ ते २५. बारावीच्या पात्रतेवरच्या लेव्हल २ आणि ३ च्या (लेव्हल म्हणजे पगाराचा स्तर) पदांसाठी अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत पहिल्या तिघांत आलेला संघ चालतो. पश्चिम विभागाच्या फेरीतून अखिल भारतीय फेरी गाठणं आणि तिथे पदक मिळवणं, या दोहोंतलं अंतर म्हणजे एक नोकरी.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे कामगिरी शिळी होते. चालू आर्थिक वर्ष आणि त्याआधीची दोन आर्थिक वर्षं, एवढंच मोजतात. जानेवारी २०२४ मध्ये मिळालेलं पदक २०२३-२४ या वर्षात पडतं. ते २०२५-२६ च्या जाहिरातीपर्यंत चालेल. एप्रिल २०२६ नंतरच्या जाहिरातीत त्याची किंमत शून्य. एफवायला मिळालेलं पदक जपून ठेवून पदवीनंतर वर्षभर विश्रांती घेणाऱ्यांचा घात इथे होतो. प्रत्येक जाहिरातीत ही तारीख स्पष्ट छापलेली असते, ती आधी वाचा. मध्य आणि पश्चिम, दोन्ही रेल्वेंची मुख्यालयं मुंबईत असली तरी आपण एवढ्यावर थांबू नये. देशातल्या बाकीच्या विभागांच्या जाहिरातींनाही अर्ज करता येतो. त्या वर्षी कोणाला हॉकीचा कोणत्या जागेवरचा खेळाडू हवा आहे, ते त्यातच लिहिलेलं असतं.

घरी वडील विचारतील, पगार किती? सातव्या वेतन आयोगाप्रमाणे लेव्हल २ चं मूळ वेतन १९,९०० आणि लेव्हल ३ चं २१,७०० रुपये, त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडं वेगळं. हा आकडा त्यांना सांगा. "खेळून काय मिळणार" या प्रश्नाला मी इतक्या वर्षांत दिलेलं सर्वांत उपयोगी उत्तर हेच आहे.

राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी आधी करून घ्यावी लागते आणि ते काम क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालक कार्यालयात होतं. पोलीस भरतीची जाहिरात आल्यावर धावत गेलात तर रांगेत पन्नास जण पुढे असतात. जाहिरात नसताना जा.

पायरी चौथी: ट्रायल

बहुतेक ठिकाणी आधी धावणं, मग कौशल्य, मग सामना. धावण्यात यो-यो चाचणी असू शकते: वीस मीटर जा, वीस मीटर या, दहा सेकंद दम घ्या, आणि वेग वाढत जातो. लांब पळण्याच्या सरावाने यात फारसा फायदा होत नाही. वळणं आणि पुन्हा वेग धरणं, याचा सराव करा. उपवन तलावाभोवती रोज पाच किलोमीटर धावणारा माझा एक विद्यार्थी यो-योत लवकर बाद झाला, कारण त्याला वळायची सवयच नव्हती.

सामन्यात प्रत्येक मुलाला वाटतं की तिघांना चकवलं की निवड पक्की. खाती असा खेळाडू शोधत नाहीत. चकवणारे त्यांच्याकडे आधीच आहेत. त्यांना पहिल्या स्पर्शात चेंडू थांबवणारा, पटकन साधा पास देणारा आणि चेंडू गेला की उलटा पळणारा माणूस हवा असतो. बोला. "मॅन ऑन", "लेफ्ट", "टाइम आहे", जे काही असेल ते मोठ्याने. शांत खेळाडू ट्रायलमध्ये दिसतच नाही.

तुमची जागा खरी सांगा आणि दुसरी जागाही तयार ठेवा. कॉलेजच्या संघात सगळे सेंटर फॉरवर्ड असतात. खात्याला विंग हाफ हवा असतो. मी फॉरवर्ड होते, हाफ झाले म्हणून टिकले. त्याहून मोठा प्रश्न म्हणजे पेनल्टी कॉर्नरला तुम्ही काय करता. ड्रॅग फ्लिक, म्हणजे चेंडू स्टिकने ओढत नेऊन गोलात फेकणं, जमणारे थोडे असतात आणि त्यांना सगळीकडे मागणी असते. पण चेंडू बाहेर ढकलणारा, तो अचूक थांबवणारा आणि बचावात पहिला धावून जाणारा, ही तीन कामंही कोणीतरी करतंच. यांतलं एक आपलं करून टाका. पहिला धावणारा असाल तर मास्क आणि गुडघ्यांचे पॅड घालूनच सराव करा. धाडसाच्या नावाखाली तोंड उघडं ठेवू नका.

पायरी पाचवी: सही करण्याआधी विचारा

गेस्ट असो, शिष्यवृत्ती असो की नोकरी, हे प्रश्न विचारायला लाजू नका. दुखापत झाली तर उपचाराचा खर्च कोणाचा? शस्त्रक्रियेनंतर परत यायला किती वेळ देणार? हॉस्टेल आहे का, की ठाण्याहून रोज यायचं? हंगामात राज्याकडून खेळायला सोडणार का? किती वर्षं सोडून जाता येणार नाही, असा बॉण्ड आहे का? शिक्षण पुढे चालू ठेवता येईल का? उत्तरं तोंडी मिळाली तर त्याच संध्याकाळी वहीत तारखेसह लिहा.

शिक्षणाबद्दल एक उदाहरण पुरे आहे. वांद्र्यात शिकलेला वीरेन रस्किन्हा २००४ चं अथेन्स ऑलिंपिक खेळला, मग खेळ थांबवून हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसमध्ये व्यवस्थापन शिकला आणि खेळाडूंना मदत करणाऱ्या ऑलिंपिक गोल्ड क्वेस्ट या संस्थेचं काम हाती घेतलं. पदवी अर्धवट ठेवून नोकरीला जाऊ नका. बढतीच्या वेळी ती लागते.

मुलींसाठी थोडं वेगळं सांगते. महिला संघ ठेवणारी खाती कमी आहेत आणि राष्ट्रीय पातळीवर रेल्वेचा दबदबा मोठा आहे. त्यामुळे आपली सारी तयारी रेल्वेच्या मापाने करावी. घरच्यांना बाहेरगावच्या हॉस्टेलची काळजी वाटते, ती खोटी नसते. त्यांना ट्रायलला सोबत न्या, संघातल्या सीनियर दीदींशी बोलू द्या. वैष्णवी फाळके आणि अक्षता ढेकळे सातारा जिल्ह्यातून निघून भारताकडून खेळल्या. ऐरोलीहून चर्चगेटला टर्फ तरी आहे, हे मी माझ्या मुलींना सांगते.

पायरी सहावी: औषधं

नोकरीच्या पातळीवर गेलात की राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेची, म्हणजे नाडाची, चाचणी कधीही होऊ शकते. सर्दीच्या साध्या गोळीत, दम्याच्या औषधात, जिममधल्या ओळखीच्याने दिलेल्या पावडरीत बंदी असलेला घटक असू शकतो. "मला माहीत नव्हतं" हे कारण चालत नाही. नाडाचं नो युअर मेडिसिन नावाचं ॲप आहे, त्यात औषध तपासून मगच घ्या. बंदी असलेल्या पदार्थांची यादी दरवर्षी १ जानेवारीला बदलते.

पायरी सातवी: जुनी टीम सोडताना, नवी धरताना

क्लब सोडताना फोनवर सांगू नका. मैदानावर जाऊन सरांना भेटा, किट धुऊन परत द्या, ना हरकत पत्र मागा. ही मंडळी पुढच्या वीस वर्षांत तुम्हाला पंच म्हणून, निवडकर्ते म्हणून, व्यवस्थापक म्हणून पुन्हा भेटणार आहेत.

नव्या संघात पहिला महिना अवघड जातो. कॉलेजमध्ये तुम्ही कॅप्टन होता, इथे पाण्याच्या बाटल्या उचलता. उचला. सीनियर खेळाडू हिंदीत किंवा पंजाबीत बोलतील, मैदानावरच्या आरोळ्यांचे शब्दही वेगळे असतील, ते पहिल्या आठवड्यात पाठ करा. चार क्वार्टरांत प्रशिक्षक तुम्हाला पाच-पाच मिनिटांसाठी आत-बाहेर करील. बाहेर आलात म्हणून चेहरा पाडू नका, अदलाबदल असतेच अशी. पहिल्या महिन्यात कोणाशीच पैशांची तुलना करू नका, प्रत्येकाच्या भरतीचं वर्ष आणि लेव्हल वेगळी असते.

पहिल्या दिवशी बॅगेत दोन स्टिक, जादा ग्रिप, शिनगार्ड, माउथगार्ड, कोरडे मोजे आणि सगळ्या प्रमाणपत्रांच्या साक्षांकित प्रती ठेवा. मूळ कागद घरीच, आईच्या कपाटात. आणि पहिल्या पगारातून टर्फच्या बुटांची दुसरी जोडी घ्या. पहिली तोवर झिजलेली असेल.